उशीर तुझा नव्हता

भागवत,

गेल्याच्या आधीच्या रविवारी तुझ्याच शोकसभेत तू भाषण केलंस.

धुळ्यात, तुमच्या कॉलनीतल्या मारुतीच्या देवळामागचा तो पत्र्याचा हॉल. दहावं होऊन तीन दिवस झाले होते. नरडाण्याच्या कंपनीतली तुझी माणसं पाळी संपवून तशीच निळ्या शर्टांत आली होती. दोघं-चौघं बोलले, रडले, बसले. मग तुझ्या मेंटेनन्समधला गोकुळ उठला. चाळिशीचा माणूस. माईक हातात घेऊन म्हणाला, "दादांना आपण एकदा शेवटचं ऐकूया." गेल्या काही वर्षांत तुमच्या पाळीच्या ग्रुपवर तू जे जे बोलून पाठवलं होतंस, ते सगळं त्यानं कुठल्याशा ॲपला दिलं होतं. मजकूर त्यानं स्वतः लिहिला होता, आणि हे त्यानं आधीच सगळ्यांना सांगितलं. काही लपवलं नाही. तरी स्पीकरमधून तुझा आवाज आला तेव्हा मागच्या रांगेतली एक म्हातारी उठून चपला शोधायला लागली.

"नमस्कार. मी भागवत. आपण सर्व जण वेळात वेळ काढून आलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे."

असं वाक्य तू जन्मात कधी बोलला नसशील. आवाज मात्र तुझाच. तंबाखू सोडल्यानंतरचा, थोडा खरखरीत, वाक्याच्या शेवटी खाली बसणारा. पुढं तू म्हणालास, "मला लेखक केलं ते जळगावच्या मास्तरांनी. त्यांनी माझ्या कथा छापल्या नसत्या, तर मी साधा वायरमन राहिलो असतो. त्यांचे उपकार मी विसरणार नाही."

सगळा हॉल माझ्याकडे वळला. आणि मी काय केलं? हात जोडले.

विमलवहिनी पहिल्या रांगेत होत्या. त्या रडत नव्हत्या. त्या स्पीकरच्या खोक्याकडे बघत होत्या, आणि शेजारणीला अहिराणीत म्हणाल्या, "ह्या त्या नहीत. ह्या कसा गुमान बोली ऱ्हायनात!" तुझा असा निमूट आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता.

सभा संपल्यावर त्यांनी मला बाजूला बोलावलं. "भाऊ, त्यासनी एक गोष्ट लिखेल व्हती. मरेल मानूस मोबाईलमाईन बोलस, ती. माले वाची दाखाडेल व्हती. आज डोयासमोर तेच व्हयनं. ती गोष्ट कोठे शे?"

मी म्हणालो, "ती हरवली हो वहिनी. आम्ही घर बदललं ना, त्या गडबडीत."

"हरपनी?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाल्या, आणि आल्यागेल्यांना चहा मिळाला का ते बघायला गेल्या.

ती गोष्ट हरवलेली नाही, भागवत. ती जळगावला माझ्या कपाटात आहे. वरून दुसऱ्या कप्प्यात, पिवळ्या पाकिटात. तुलाही मी तेच सांगितलं होतं, घर बदललं, हरवली. एकच खोटं नवरा-बायको दोघांना सांगणारा माणूस म्हणून मी आज तुझ्याशी बोलतो आहे.

आपली ओळख झाली तेव्हा मी कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो आणि दिवाळी अंक काढायचो, अजूनही दोन्ही करतो. खानदेशात विज्ञानकथा लिहिणारा एकटा मीच, अशी माझी समजूत होती. माझ्या कथांत मंगळावर वसाहती होत्या, चंद्रावर खाणी होत्या आणि नायकाचं नाव नेहमी आदित्य असायचं. आणि एक दिवस कॉलेजच्या पत्त्यावर टपालानं तुझी कथा आली. कंपनीतल्या रद्दी लॉगशीटच्या पाठकोऱ्या बाजूवर लिहिलेली. मी गंमत म्हणून आधी पुढची बाजू वाचली: तारीख, पाळी, ट्रान्स्फॉर्मरचं तापमान, कोणाची तरी सही. मग पान उलटलं.

कपाशीवर फवारणी करणाऱ्या उडत्या यंत्राची ती कथा. यंत्राबद्दल तू चारच ओळी लिहिल्या होत्यास. बाकी सगळी गोष्ट निंदणी करणाऱ्या बाईची होती. डोक्यावर यंत्र आलं की ती पदर पुढं ओढून घेते, कारण तिला वाटतं वरून कोणी तरी पुरुष बघतोय. शेवटी यंत्र बिघडून खाली पडतं, ती त्याला काठीनं उलटं करून बघते आणि म्हणते, "यामा तं कोनीच नही." आणि तिला हायसं वाटण्याऐवजी भीती वाटते.

ते वाचून मी स्टाफरूममध्ये पान पुन्हा उलटलं आणि तापमानाचे आकडेच बघत बसलो. सहकाऱ्यानं विचारलं, "काय सर, बरं नाही का?" मी म्हणालो, पित्त झालंय. खोटं नव्हतं ते अगदीच.

ती कथा मी छापली. उपकार म्हणून छापली, तुझ्या नावाखाली "लेखक व्यवसायाने वायरमन आहेत" असं आवर्जून लिहिलं. पुढं दोन-अडीच वर्षांत तसली यंत्रं खरोखरच शेतावर दिसायला लागली, तेव्हा लोक मला म्हणाले, "सर, तुमच्या अंकात आधीच आलं होतं!" मी मान डोलावली. माझ्या मंगळावर अजून कोणी घर बांधलेलं नाही.

मग आपलं चाळीसगावचं सुरू झालं. दोन महिन्यांतून एक रविवार. तू धुळ्याच्या गाडीनं यायचास, मी जळगावहून, आणि फलाटाच्या टोकाच्या बाकावर आपण संध्याकाळच्या गाडीपर्यंत भांडायचो. घरी बोलावण्याचा प्रश्न आपण कधी काढलाच नाही. वहिनींनी दोघांपुरती ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि ठेचा दिलेला असायचा. माझ्या घरी माझी एक ओळ कोणी वाचत नाही. तुझ्या घरी कथा आधी वाचली जायची आणि मगच पाकिटात पडायची. मला त्या भाकरीचाही हेवा वाटायचा, भागवत. हे आज लिहिताना हसू येतंय, पण खरं आहे.

भांडण एकच, वर्षानुवर्षं तेच. मी म्हणायचो, "जग इतक्या वेगानं बदलतंय की आपण लिहीपर्यंत ते होऊन गेलेलं असतं. विज्ञानकथेचा दम संपला."

तू म्हणायचास, "कोनी सांगं तुले पयाले? पयू नको ना!"

"मग काय करायचं? जगाच्या मागून चालायचं?"

"मास्तर, गाडी कवय येई हाई टाइमटेबल सांगी. गाडी येवावर फलाटवर कोन रडी, ते आपन सांगवं."

"हे फार सोपं करतोस तू."

"मंग तू अवघड कर. तुले पगार त्याना भेटस."

असं म्हणून तू खदाखदा हसायचास आणि पलीकडचा हमालही हसायचा, त्याला काही कळलेलं नसताना. मला हसताना कष्ट पडायचे. कारण तू जिंकत होतास, आणि तुला आपण जिंकतो आहोत हे ठाऊकही नव्हतं. एकदा मी विचारलंच, की तुला हे आधी कसं दिसतं? मी मासिकं वाचतो, परिषदांना जातो, आणि तू आयटीआय. तू वैतागला नाहीस. म्हणालास, "नवीन मशीन बसाडतांना जुनी वायर मीच काढस ना. ती वायर कोना पोटपर्यंत जायेल शे, ते हातले समजस." मी ते वाक्य वहीत टिपून घेतलं आणि पुढच्या वर्षी माझ्या एका भाषणात वापरलं. तुझं नाव न घेता.

करोनाच्या आधीच्या पावसाळ्यात ती कथा आली. 'होकार'.

इथं ती थोडक्यात सांगतो, कारण ती कोणी वाचलेली नाही, आणि याला कारण मी आहे. भडगावजवळ गिरणेच्या काठी राहणारी अंजनाबाई. नवरा वारलेला. शहरातला मुलगा आईच्या मोबाईलमध्ये एक सोय करून देतो. बापानं पाठवलेल्या जुन्या बोलण्यावरून मोबाईल बापाच्या आवाजात बोलायला शिकतो. "जेवलीस का?" विचारतो. "गोळी घेतली का?" विचारतो. बाई महिनाभर सुखात असते. शेजारणींना सांगते, पहिल्यापेक्षा बरा झालाय. जिवंतपणी तिचा नवरा कशालाच हो म्हणणारा नव्हता. ती मीठ कमी म्हणाली की तो जास्त म्हणायचा, ती पूर्व म्हणाली की तो पश्चिमेला तोंड करून बसायचा. एका दुपारी बागेत पाणी चालू असताना अंजनाबाई सहज म्हणते, "मी ही सगळी केळी उपटून टाकते." पंधरा वर्षं त्यानं जिवापाड सांभाळलेली बाग. मोबाईल म्हणतो, "हो, तुला योग्य वाटेल तसं कर." बाई मोबाईल बांधावर ठेवते आणि खाली बसते. शेवटची ओळ: 'त्या दिवशी अंजनाबाईनं नवऱ्याचं सुतक धरलं.'

मी ती ओळ वाचली आणि मला तुझा राग आला. दुसरा शब्द नाही. मी बत्तीस वर्षं लिहितोय, मला अशी एक ओळ सुचलेली नाही. ती लॉगशीटच्या मागं, तापमानाच्या आकड्यांच्या मागं, बॉलपेननं खरडलेली होती, आणि एकही खाडाखोड नव्हती.

त्या वर्षीच्या अंकात माझी दीर्घकथा पहिली येणार होती. तुझी आली असती तर माझी कोणी वाचली नसती. एवढंच कारण. मी यापेक्षा मोठं कारण शोधायचा प्रयत्न अनेक रात्री केला, मिळालं नाही.

मी तुला लिहिलं: "कल्पना चांगली, पण विश्वसनीय नाही. यंत्र माणसाचा आवाज इतका हुबेहूब कसा काढेल? शास्त्रीय आधार द्यावा." पदार्थविज्ञानाचा प्राध्यापक म्हणून लिहिलं, म्हणजे तुला उलट विचारता येणार नाही. तू नाहीच विचारलंस. तू कुठून कुठून पुस्तकं मिळवलीस, ध्वनिलहरींवर अडीच पानं घालून कथा पुन्हा लिहून पाठवलीस. ती अडीच पानं शाळेतल्या निबंधासारखी होती, आणि ती वाचून मला आनंद झाला. हे नुसतं वाईट नाही, हे त्याहून खालचं आहे, मला कळतं. दुसऱ्या वर्षी मी लिहिलं: "आता तांत्रिक बोजा फार झाला. मूळ खर्डाच बरा होता, पण तो घर बदलताना हरवला. पुढच्या वर्षी बघू." अंकात दरवर्षी असं होतंच. जागा कमी पडते, जाहिरात येते, कथा पुढच्या वर्षावर जाते. कोणाला संशय येत नाही. संपादकाच्या हातात हे एकच हत्यार असतं, आणि त्याला धार लावावी लागत नाही. नुसतं ठेवून द्यायचं.

चौथ्या वर्षापर्यंत जग येऊन पोहोचलं. दुसऱ्याचा आवाज काढणारी यंत्रं, मेलेल्या माणसांशी बोलणं, सगळं बातम्यांत आलं, मोबाईलमध्ये आलं, शेजारच्या दुकानदाराच्या मुलाच्या हातात आलं. मी तुझी दुसरी प्रत परत पाठवली. सोबत चिठ्ठी: "मित्रा, वास्तव तुझ्या पुढं निघून गेलं. आता ही कथा राहिली नाही, बातमी झाली."

आणि तेवढ्यानं माझं भागलं नाही. जळगावच्या वाचक मंडळात माझं व्याख्यान होतं. विषय: विज्ञानकथा काळाबरोबर धावू शकते का? मला उदाहरण हवं होतं. मी म्हणालो, "माझे एक स्नेही आहेत. उत्तम लिहितात. त्यांनी मृत माणसाच्या आवाजाची कथा लिहिली, पण ती पुरी होईपर्यंत तो आवाज तुमच्या-आमच्या खिशात आला होता. हा दोष त्यांचा नाही, काळाचा आहे." लोकांनी सहानुभूतीनं च्‌ च्‌ केलं. तू तिसऱ्या रांगेत बसला होतास. रजा टाकून आला होतास. टाळ्या वाजवणारे तुझे हात मी पाहिले.

नंतर चहाच्या टेबलाशी तू माझा खांदा दाबलास. "बरोबर बोलनास, मास्तर. मी मांगे पडनू."

तेव्हा सांगता आलं असतं. चहा हातात होता, माणसं दूर होती. मी म्हणालो, "अरे, आपण सगळेच मागं पडतोय." आणि तुला बिस्किट दिलं.

त्यानंतर तुझी कथा आली नाही. चाळीसगावला आपण भेटत राहिलो, पण तू मुलीच्या नोकरीचं बोलायचास, गुडघ्याचं बोलायचास. मी विचारायचो, "काही लिहितोस का?" तू म्हणायचास, "सोड ना भो." आणि मला, भागवत, सुटल्यासारखं वाटायचं. गेल्या तीन वर्षांत मी शांतपणे लिहिलं. माझ्या नायकांनी मंगळ सोडून शनीपर्यंत मजल मारली. एक पुरस्कारही मिळाला, तालुक्याच्या पातळीवरचा. तू पेढे घेऊन कॉलेजात आला होतास.

तू गेल्याचा फोन आला तेव्हा मला पहिलं काय वाटलं ते लिहायचं की नाही, यावर दोन दिवस घालवले. लिहितो. क्षणभर वाटलं, आता कोणाला कळणार नाही. मग रडू आलं. रडू खरं होतं. पण ते नंतर आलं, हेही खरं.

शोकसभेहून परत येताना एसटीत पारोळ्यापर्यंत मी स्वतःला समजावत होतो, की वहिनींनी "बरं" म्हटलंय, विषय संपला. पारोळ्याच्या पुढं मला तुझी कथा पुन्हा आठवायला लागली. हॉलमधला तो आवाज, ते "ऋणी आहे", सगळ्यांना हो म्हणणारा, सगळ्यांचे आभार मानणारा भागवत. आणि खोक्याकडं बघणारी तुझी बायको. मी व्याख्यानात ठणकावून सांगितलं होतं की जग तुझ्या कथेच्या पुढं गेलं. कुठं गेलं? जग आवाजापर्यंत आलं आणि तिथंच थांबलं. गोकुळनं प्रेमानंच केलं ते, पण त्यालाही पुढं काय होतं ते माहीत नव्हतं. हॉलमधल्या कोणालाच नव्हतं. फक्त त्या बाईला कळलं होतं, आणि तिला ते कळणार हे तू सहा वर्षांपूर्वी लिहून ठेवलं होतंस. जग अजून तुझ्या शेवटच्या ओळीपर्यंत पोहोचलेलं नाही. आपलं फलाटावरचं भांडण तू असं, मेल्यावर, माझ्या समोर जिंकलंस. आणि त्याचाही मला हेवा वाटला. आता सवयच झाली आहे.

गुरुवारी पाकीट घेऊन धुळ्याला गेलो. तुझी मुलगी कामाला गेली होती. वहिनी ओसरीवर डाळ निवडत होत्या. मी पाकीट पुढं केलं आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. बसून सांगायची हिंमत नव्हती. चिठ्ठ्यांचं, व्याख्यानाचं, घर बदलल्याचं. आम्ही घर बदललंच नव्हतं, हेही.

त्यांनी पानं काढली. वाचली नाहीत. उलटी करून लॉगशीटवरच्या तारखा एकेक बघितल्या, जणू तू त्या त्या दिवशी कामावर गेला होतास की नाही ते तपासत होत्या.

"त्या आखरीलोंग म्हनेत, मी मांगे पडनू," त्या म्हणाल्या. "मी म्हनू, नका धरू मनले. तुमीन एक डाव सांगं ऱ्हातं तं..." आणि पानं पुन्हा सुलटी केली.

"वहिनी, चुकलो."

"चुकनात नहीत. चुकनं येगळं." त्यांनी डाळीतला खडा काढून बाजूला टाकला. "तुमले त्यास्ना हेवा वाटे. माले माहीत व्हतं. भाकर खातांना तुमी कसा खायेत, ते त्या माले सांगेत आनि हासेत."

मला वाटलं जमिनीनं पोटात घ्यावं. तुला माहीत होतं? किती माहीत होतं? मी विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. कदाचित त्यांनाही ठाऊक नसेल. ते आता मला कधीच कळणार नाही, आणि मला वाटतं माझी शिक्षा तेवढीच आहे, बाकी सगळं वरवरचं.

मी म्हणालो, यंदाच्या अंकात 'होकार' पहिल्या पानावर छापतो, तारखांसकट.

"छापा," त्या म्हणाल्या. "पन लोक म्हनतीन, मोबाईल देखीसन लिखी. इतला उशीर काबर व्हयना, ते तुमीन सोता लिखा. तुमना हाते."

हा लेख त्या अटीपोटी आहे. कथा पुढच्या पानावर सुरू होते, पहिला खर्डा, ध्वनिलहरींशिवाय. हेव्याचं मात्र लिहा असं त्या म्हणाल्या नव्हत्या. ते मी माझं लिहिलं.

निघताना मी, सवयीनं म्हण किंवा काय, विचारलं, "त्यानंतर भागवतनं काहीच लिहिलं नाही, ना?"

वहिनी उठल्या. आतून शाळेच्या वह्या घेऊन आल्या. दोनशे पानी, सात. "लिखनं बंद नही कयं त्यासनी. धाडनं बंद कयं."

सात वह्या. तू मला "सोड ना भो" म्हणत होतास, तेव्हाच्या. कंपनीच्या बसमध्ये तू त्या वाचून दाखवायचास म्हणे, धुळे ते नरडाणा, रोज एक तुकडा. पाळीची सगळी माणसं पुढं काय झालं म्हणून दुसऱ्या दिवशी वेळेवर यायची. मी हात पुढं केला. खरंच केला. अजूनही, सगळं सांगून झाल्यावरही.

वहिनींनी वह्या छातीशी धरल्या. "ह्या तुमले नही, भाऊ. ह्या गोकुळले देवाव्या शेत. अर्धी गोष्ट ऱ्हायनी म्हने बसमा." आणि मग, मोठेपणानं नव्हे, नुसतं सोय सांगावी तसं, "तुमले ऐकनी व्हई तं बसमा बसा. सोमवारपाईन दुसरी पाळी शे."

काल सोमवार होता. मी कॉलेजला रजा टाकली. गोकुळनं ड्रायव्हरला सांगून ठेवलं होतं. "सर, गेटच्या अलीकडं फाट्यावर उतरून घ्यायचं हां, आत सोडत नाहीत." मला शेवटच्या सीटवर, टायरवर, जागा मिळाली. शेजारच्या माणसानं विचारलं, "नवीन का?" मी हो म्हणालो. बस शहराबाहेर पडल्यावर गोकुळनं सातवी वही उघडली आणि अर्धी राहिलेली गोष्ट पहिल्यापासून काढली. ड्रायव्हरनं गाणं बंद केलं.

गोकुळनं वाचलं: "त्या वर्षीपासून पाऊस विचारून पडायला लागला, आणि आमच्या गावाला विचारायचं राहून गेलं."

कोणीतरी पुढून म्हणालं, "वा रे दादा!" सगळी बस हसली. आणि मला, भागवत, तुझी शपथ, पहिलं हेच वाटलं की हे वाक्य माझं असायला हवं होतं.